उशी डावीकडे गेली

टकली पास झाली. पुढच्या वर्गात तिचं नाव लागलं, मामांनी फाटकाबाहेर उभं राहून उगीचच हॉर्न वाजवला, आणि काकांच्या दुकानातली खुर्ची रिकामी राहिली. आता हे झालंच नाही असं समजू या. कुणी विचारलं तर आपण काही ऐकलेलं नाही. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा टकली नापास व्हायच्या इतकी जवळ होती, की काकांनी ती खुर्ची पुसूनसुद्धा ठेवली होती.

टकलीचे केस कमरेपर्यंत होते. लहानपणी उवांपायी एकदा तिचं डोकं भादरलं होतं; केस परत आले, नाव गेलं नाही.

काकांचं गाद्यांचं दुकान होतं आणि टकलीनं तिथे बसावं ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. त्यामागे पुतणीवरची माया होतीच, पण धंद्याचं डोकं जास्त होतं. टकलीला समजावून सांगायचं व्यसन होतं. पाहुण्याला पाणी दिलं तरी पेला कुठून धरायचा ते ती सांगत असे, आणि पाहुणा पाणी पिऊन झाला की आता पेला खाली ठेवायला हरकत नाही, हेही सांगत असे. काकांचं म्हणणं असं, की या पोरीला गिऱ्हाइकासमोर उभी करा. ऐकून ऐकून माणसाला झोप येईल, आणि झोप आलेला माणूस गादी घेतल्याशिवाय जातो कुठे?

शेवटी घरात तोड निघाली. टकलीला व्हिडिओ गेम बनवायचे होते, तर तिनं हौस म्हणून नवशिक्यांच्या वर्गात एक सत्र काढावं. पुढच्या वर्गात गेली तर गेम, नाही गेली तर गाद्या.

वर्ग एका लांबुळक्या खोलीत भरायचा. भिंतीला टेकून टेबलांची रांग, त्यांवर जुने कम्प्युटर, आणि टेबलांखाली वायरींचा असा गुंता, की एकदा त्यात गेलेली चप्पल अजून कुणाला सापडली नव्हती. शिकवणाऱ्या मॅडम फार कमी बोलत. पूर्वी त्या एका कंपनीत गेम बनवायच्या, आणि तिथे त्यांचं सगळं बोलणं वापरून संपलं असावं, असा मुलांचा अंदाज होता.

परीक्षेबद्दल मात्र त्या सविस्तर बोलल्या. लेखी काही नाही. प्रत्येकानं वर्गाबाहेरचा एक माणूस आणायचा. तो गेम खेळणार आणि गेम बनवणाऱ्यानं त्याच्या मागे स्टुलावर तोंड मिटून बसायचं. एक शब्द निघाला की परीक्षा तिथेच संपली. खेळ संपला हे खेळणाऱ्याचं त्याला कळायला हवं, आणि त्यानंतर कुणी न सांगता त्याला परत खेळावंसं वाटायला हवं.

"तुमचा गेम जो विकत घेईल, त्याच्या घरी जाऊन तुम्ही त्याच्या मागे उभे राहणार नाही आहात," मॅडम म्हणाल्या.

टकलीला वाटलं, का बरं नाही?

तिच्या गेमचा नायक ही एक उशी होती. याला कारण चित्रकला. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं आग ओकणारा ड्रॅगन काढला होता, एकेक खवला रंगवून, आणि तेव्हापासून त्यालाच सगळे ड्रॅगन म्हणत. टकलीला फक्त चौकोन जमत असे. चौकोनाला नायक कसं म्हणायचं या विचारात ती दोन्ही बाजूंनी तो दाबत बसली, तर चौकोन मध्ये फुगला आणि त्याची उशी झाली. मग गोष्ट आपोआप सुचली. उशीला आपल्या पलंगावर जायचं असतं, वाटेत खड्डे असतात, ती उड्या मारत जाते. पलंगही चौकोनच होता. काकांना हे कळलं तेव्हा त्यांना भरून आलं. पोरीच्या मनात काय आहे ते दिसतंय, म्हणाले.

गेम तयार झाल्यावर टकलीनं तो आधी आईवर आजमावून पाहिला. आई औषधांच्या दुकानात कामाला होती आणि खोक्यातली बारीक अक्षरांची घडी उलगडून वाचणारी बहुधा या भूतलावरची एकमेव व्यक्ती होती. टकलीनं गेमच्या सुरुवातीला सूचना घातल्या होत्या. उजवा बाण दाबला की उशी उजवीकडे जाते. डावा दाबू नये, तिकडे काही नाही. खड्डा म्हणजे काय. खड्डा आणि सावली यांत फरक कसा ओळखावा. उडी कधी मारावी, कधी मारू नये, मारून पस्तावल्यास काय करावं. आईनं चष्मा लावून एकूण एक पान वाचलं. शेवटच्या पानावर 'आता खेळायला सुरुवात करा' असं आलं, तेव्हा तिनं चष्मा काढला.

"छान आहे," ती म्हणाली. "दुष्परिणाम दिले नाहीस, तेवढं बघ."

आणि ती वाळत घातलेले कपडे काढायला गेली. खेळ संपला हे तिचं तिला कळलं होतं. उशी अजून जागची हललेली नव्हती.

टकलीनं काळजावर दगड ठेवून सगळ्या सूचना पुसल्या. स्क्रीनवर उशी उरली, जमीन उरली, खड्डे उरले, लांब उजवीकडे पलंग आणि मागे सरकणारं आभाळ. आभाळासाठी तिनं चारच ढग काढले होते आणि तेच ते फिरून फिरून यावेत अशी सोय केली होती, कारण ढगांना चौकोन चालत नाहीत आणि चौथ्या ढगापर्यंत तिचा हात भरून आला होता.

आता माणूस कुठून आणायचा? आईचं पारायण झालेलं होतं. काका एका पायावर तयार होते, पण नापास करायला एवढ्या आनंदानं येणारा माणूस टकलीला नको होता. राहिले मामा.

मामा लोकांना गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, शिकणाऱ्यानं घोळ घातला तर दाबायला. इतकी वर्षं तो दाबून दाबून मामांचा उजवा पाय स्वतंत्र झाला होता. टीव्हीवर कुणी जोरात पळालं की मामांचा पाय सतरंजीत रुतायचा. ताटात कुणी जास्त वाढायला लागलं तरी आधी पाय दाबला जायचा आणि मग 'पुरे' म्हटलं जायचं. शिकवताना ते अखंड बोलत. आरसा बघ, हळू, गिअर, अगं आरसा, ती म्हातारी बघ, म्हातारीनं तुला बघितलंय असं धरू नकोस. खांदे कानांपर्यंत चढलेले. टकलीचं व्यसन आईच्या माहेरून आलं होतं, ते असं.

मामांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नव्हता. यायला ते लगेच कबूल झाले, फक्त गाडी कुठे लावायची ते आधी बघून गेले.

परीक्षेच्या दिवशी टकलीनं खबरदारी म्हणून तोंडात पाणी धरलं. गाल फुगवून ती स्टुलावर बसली. मॅडमनी तयार आहेस का विचारलं, तिनं मान हलवली. पुढच्या खुर्चीत मामा बसले. त्यांनी खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, पाठ टेकवून बघितली, मग स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात आरसा शोधला. तो नव्हता. हे त्यांना आवडलं नाही.

शेजारी ड्रॅगनची आत्या आग ओकत होती आणि चांगली ओकत होती.

मामांनी बाणांकडे पाहिलं. उजवीकडे मोकळी वाट, पुढे पहिला खड्डा, सगळं स्वच्छ दिसत होतं. टकलीनं डोळे मिटले आणि उघडले.

"गाडी काढायच्या आधी मागे बघायचं," मामा स्वतःशी म्हणाले, आणि त्यांनी डावा बाण दाबला.

डावीकडे काही नव्हतं. टकलीनं जमीन उशीच्या बुडापासून सुरू केली होती. घराकडे तोंड करून उभा असलेला कुणी मागे जाईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथे भिंत घालायची असते हे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि त्या वेळी टकली बाजूच्या मुलाला भिंत म्हणजे काय ते समजावून सांगत होती. उशी जमिनीच्या काठावरून सुटली आणि खाली गेली.

टकलीनं पाणी गिळलं. इथून पुढे तिच्या तोंडावर कुणाचाच ताबा नव्हता.

उशी पडत राहिली. खड्ड्यात पडलं की खेळ पुन्हा सुरू होतो एवढं तिनं गेमला सांगितलं होतं, पण हा खड्डा नव्हताच, त्यामुळे गेमलाही काय करावं ते कळेना. जमीन वर निघून गेली. उरलं आभाळ, आणि खालून वर येत जाणारे तिचे चार ढग.

'मामा, परत सुरू करा' हे वाक्य टकलीच्या दातांपर्यंत आलं. बोललं तर परीक्षा गेली. न बोललं तर उशी जगाच्या अंतापर्यंत पडत राहणार, खेळ संपणार नाही, म्हणजेही परीक्षा गेली. दोन्हीकडून गाद्याच. निदान बोलायचं सुख तरी पदरात पाडून घ्यावं, असा अगदी व्यवहारी विचार तिच्या मनात आला आणि तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात तिला मामांचे खांदे दिसले. ते खाली आले होते. ती जन्मल्यापासून ते कानांजवळच राहत होते. मामांना मान आहे हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

मामांनी हळूच उजवा बाण दाबला. पडता पडता उशी उजवीकडे तरंगली. डावा दाबला, डावीकडे आली. एका ढगाला त्यांनी वळसा घातला, कुणी मागत नसताना.

"समोरून कुणी येतच नाही," मामा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि आदळली तरी काय, उशीच आहे. लागणार कुणाला?"

टकलीनं तोंड मिटलं. या वेळी पाण्याची मदत नव्हती. टेबलाखाली मामांचा उजवा पाय गुपचूप, शहाण्यासारखा जमिनीवर पडून होता आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण बनवलेल्या गोष्टीत एक माणूस रमलाय आणि त्यात आपला एक शब्द नाही, हे तिला फार विचित्र वाटत होतं. वाईट वाटत होतं असं मात्र नाही. मॅडम येऊन बाजूला उभ्या राहिल्या. त्याही काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते नेहमीचंच.

ढग गेले, फिरून आले, परत गेले. मग जरा कानासारखा दिसणारा तो ढग, टकलीचा हात भरून आल्यावर निघालेला, पुन्हा खालून वर येऊ लागला आणि मामा खुर्चीत सरळ झाले.

"हा ओळखीचा," ते म्हणाले. "आलं वाटतं घर."

त्यांनी थांबत असल्याची हातानं खूण केली, आणि ब्रेक दाबला.

टेबलाखाली ब्रेक नव्हता. त्या जागी एक्स्टेन्शन बोर्ड होता. मामांचा बूट बरोबर त्याच्या बटणावर बसला आणि त्या टेबलांवरचे सगळे स्क्रीन काळे झाले. शेजारी ड्रॅगन अर्धवट आगीसह गेला. आत्यानं मामांकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन नको.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "झाला खेळ?"

"झाला," मामा म्हणाले. "पोचलो की. थांबवली बघा कशी, धक्का बसला का कुणाला?"

मॅडम पुढे काही बोलेनात. नियमाचा दुसरा भाग बाकी होता आणि तो विचारून मिळवायचा नव्हता. मामांनी काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, बाहेर लावलेल्या गाडीकडे पाहिलं. आता हे उठणार आणि आईसारखे वाळलेले कपडे काढायला जाणार, असं टकलीला वाटलं. मामा उठले, गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली शिरले. वायरींतून त्यांचा आवाज आला, इथे कुणाची तरी चप्पल आहे म्हणून. मग बटण वाजलं. ते बाहेर आले, कपडे झटकले आणि परत त्याच खुर्चीत बसले.

"लाव गं पुन्हा," ते टकलीला म्हणाले. "आणि आधी मागे जायचं असतं हे दुसऱ्या कुणाला सांगून ठेवू नकोस. ज्याचं त्याला सापडू दे."

टकलीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. आता बोललीस तरी चालेल, असा त्याचा अर्थ. टकलीला बोलण्यासारखं काही सुचलं नाही. तिनं फक्त गेम लावला.

"डावीकडची भिंत विसरलीस," मॅडम जाता जाता म्हणाल्या. "पुढच्या वर्गात ती मुद्दाम विसरायला शिकवीन."

म्हणजे सुरुवातीला जे आपण ऐकलं नव्हतं, ते झालं. ड्रॅगनची परीक्षा आत्याचा राग उतरल्यावर परत घेतली, तोही पास झाला. चप्पल मॅडमची निघाली. काकांनी खुर्चीवर सध्या एक उशी ठेवली आहे आणि ती बरी चालते म्हणतात, गिऱ्हाइकाला उलट बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मामा शिकवणीला गेले ते चौकापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हा शिकणाऱ्या बाईंनी घाबरून गाडी कडेला घेतली आणि त्यांना बरं नाहीये का ते विचारलं. गाडी मात्र बाईंनी फार सुरेख कडेला घेतली. इतकी सुरेख, की मामा त्याच दुपारी परवान्याच्या कचेरीत गेले आणि स्वतःच्या अक्षरात एक अर्ज देऊन आले. खिडकीतल्या कारकुनानं तो दोनदा वाचला, शिक्का कुठे मारावा ते न समजून अर्जाच्या मागे मारला, आणि आत पाठवला. तो असा:

मा. परवाना अधिकारी यांस, विनंती अर्ज. विषय: उशीस परवाना मिळणेबाबत. महोदय, सदर उशी माझ्या भाचीची असून मी स्वतः ती दोन वेळा चालवून पाहिली आहे. उशी निघण्यापूर्वी मागे पाहते, कोणास धडकत नाही व धडकल्यास इजा होत नाही. तरी तिची वेगळी चाचणी न घेता तिला डावीकडून खाली पडण्याचा कायमस्वरूपी परवाना देण्यात यावा, तसेच शेजारी बसून गप्प राहण्याची परवानगी मला देण्यात यावी, ही नम्र विनंती. सोबत उशीची दोन छायाचित्रे जोडली आहेत. पैकी एकात ती पडत असल्याने हललेली आली आहे, ती चालवून घ्यावी.