कोठीमागचा उंदीर

ऐन मळणीच्या दिवशी वारं फिरलं आणि खळ्यावरचा सगळा भुसा घरात घुसायला लागला. यंत्र धडधडत होतं, नवरा त्याच्या तोंडात पेंढ्या सारत होता आणि सासू ओट्यावर बसल्या जागेवरून सगळ्यांना कामाला लावत होती. सुनेनं खिडकी लावायला हात उचलला, तशी सासू कडाडली.

"खिडकी कशाला लावतेस? भुशानं मेलंय का कुणी आजवर?"

"भिंगरीला त्रास होतो, आई. धुरळ्यात ठेवू नका म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"डॉक्टरीणबाईंना शेत आहे का? शेतकऱ्याच्या घरात जन्म घेतला आणि भुसा सोसत नाही म्हणे! आमच्या घराण्यात असल्या नाजूक छातीचं कुणी नव्हतं. हे तुझ्या माहेरचं."

झालं. गाडी माहेरावर आली. दूध नासलं, दोर तुटला, कोंबडीनं अंडं दिलं नाही, तरी ती शेवटी तिथंच यायची. सुनेनं अर्धी खिडकी लावली आणि चुलीकडे वळली.

भिंगरी म्हणजे सुनेची सात वर्षांची लेक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. पण गेल्या वर्षापासून तिचं गरगरणं अडखळायला लागलं. झोपेत कोरडा खोकला, पळाली की छातीत बारीक शिट्टी, आणि खेळता खेळता मध्येच गुडघ्यांवर हात टेकून उभं राहणं. घरानं त्यावर भरपूर डोकं चालवलं. सासू म्हणाली, थंड पाणी ढोसते. नवरा म्हणाला, शाळा बुडवायची नाटकं. शेजारीण म्हणाली, जंत. कारण कुठलं का असेना, पोरीला दम लागतोय हे कुणाच्या गावी नव्हतं. शेवटी सून एकटीच तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि दमा आहे म्हणून सांगितलं. धूळ, भुसा, धूर, यातलं काय बाधतं ते बघा म्हणाल्या. घरात आणखी कुणाला दमा आहे का, असंही विचारलं.

सुनेनं घरी येऊन तेच विचारलं, तर सासूनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

आता त्या घराण्याचं सांगायचं तर सासरा 'छाती भरून' गेला. थोरला दीर हवा बदलली की 'जरा घुरघुरतो'. सासूला विहिरीपासून घरापर्यंत यायला दोनदा टेकावं लागतं, ती 'वयाची धाप', आणि ती धाप म्हणे लग्न होऊन आली तेव्हापासूनची. दमा तेवढा कुणालाच नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले होते. तपकिरी रोजचा, सकाळ-संध्याकाळ नळकांडं लावून ओढायचा आणि मग चूळ भरायची. निळा अडीनडीचा, छाती आवळली की घ्यायचा. दीड-दोन महिन्यांत भिंगरी पुन्हा अंगणभर फिरायला लागली आणि तिथंच घात झाला.

"बरी झाली की पोर!" सासू म्हणाली. "आता कशाला तो रोजचा? सवय लागली तर जन्मभर ओढत बसेल."

नवऱ्यानं मान डोलावली. मान डोलावणं हे त्या घरातल्या पुरुषांचं मुख्य काम, शेती त्यानंतरची. तपकिरी पंप बंद झाला. निळा राहू दिला, पण धान्याच्या कोठीमागं, दडवून.

"लोकांच्या नजरेस पडला तर उद्या हिला कोण करून घेईल?" सासू म्हणाली. सून तेव्हा गप्प बसली.

सासू मात्र कोठीमागं वरचेवर जायची. "उंदीर माजलेत मेले," म्हणायची. उंदीर बघून आली की तिचा आवाज कसा खणखणीत व्हायचा. सुनेला वाटायचं, उंदरांवर खेकसून घसा मोकळा होत असेल.

त्या दिवशी दुपारी भिंगरी बापाला पाणी द्यायला खळ्यावर गेली आणि परत आली ती दाराला धरूनच. "आ..." एवढंच तोंडातून निघालं, 'ई' म्हणायला श्वास पुरेना. खांदे वर चढलेले, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. सुनेनं धावत जाऊन कोठीमागून पंप काढला. हलवला तर हाताला हलका लागला. नळकांड्याला लावून दाबला, नुसता टक् आवाज झाला. पुन्हा दाबला, पुन्हा टक्.

सासूचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या दिवशी गप्प बसलेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला. पण रागवायला सवड कुठं होती? पोरीला उचलून ती रस्त्याकडे पळाली आणि शेजारच्या टेंपोवाल्याला हाका मारत सुटली.

टेंपोत ती चढते तोवर सासू पुढच्या जागेवर बसलेलीसुद्धा होती.

"मी येते. ही तिकडे काहीबाही सांगेल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता भिंगरीच्या तोंडावर मास्क बसवला आणि औषधाच्या वाफेचं मशीन चालू केलं. सून तिला सरळ धरून बसून राहिली, डोळे पोरीच्या खांद्यांवर. आज हे खांदे खाली आले, तर पुन्हा कुणालाही भिऊन गप्प बसणार नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. बऱ्याच वेळानं, दुसऱ्यांदा औषध घातल्यावर, ते हळूहळू खाली आले. सुनेला रडू कोसळलं.

"रोजचा पंप चालू आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बंद केला. बरी झाली म्हणून."

"अहो, ती बरी होती त्या पंपामुळे! आणि निळा?"

"रिकामा निघाला."

"इतक्यात? हिला तर त्याची गरजच पडत नव्हती ना?"

"हिनंच संपवला असेल," सुनेकडे बोट करत सासू पुढं सरसावली. "पोरीला जरा शिंक आली की धावते फवारा घेऊन. मी तर त्या पंपाला हातसुद्धा..." आणि तिला खोकल्याची उबळ आली.

भिंगरीनं मास्क बाजूला केला. आवाज बारीक होता, पण मशीन नेमकं थांबलेलं.

"आजी, तू कोठीमागं उंदीर बघायला जातेस, तेव्हा घेतेस ना?"

दारात उभा टेंपोवाला फिसकन हसला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सासूला स्टुलावर बसवलं आणि पाठीला नळी लावली.

"श्वास घ्या. मोठा. सोडा." मग त्यांनी सुनेकडे बघितलं. "मागच्या वेळी मी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला?"

"छे हो," सून म्हणाली. "आमच्या घराण्यात कुणालाच नाही."

येताना टेंपोत सुनेच्या मांडीवर भिंगरी होती, हातात नवा निळा पंप. सासूच्या मांडीवर तिचे स्वतःचे दोन पंप होते, पदराखाली झाकलेले. घरी पोचल्यावर सुनेनं आधी कुट्टी आणि भुसा ठेवायची जागा गोठ्यापलीकडे हलवायला सांगितली, मग खिडक्या लावल्या, आणि चारही पंप ओट्यावरच्या फळीवर मांडले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. नवऱ्यानं आईकडे बघितलं. आई दुसरीकडेच बघत होती. मग त्यानं मान डोलावली आणि भुशाच्या पाट्या उचलल्या.

आता रोज सकाळी ओट्यावर आजी आणि नात शेजारी शेजारी बसतात. "हळू ओढ, आजी. आता धरून ठेव. अगं, सोडलास पण!" भिंगरी सासूच्याच सुरात दरडावते, आणि मग दोघी अंगणात उभ्या राहून खळखळून चुळा भरतात. टेंपोवाल्यानं बातमी घरोघर पोचवलीच होती, त्यामुळे एके सकाळी शेजारीण मुद्दाम कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"हे काय हो काकू? तुम्हालाही?"

"काय सांगू बाई!" सासूनं चूळ टाकून पदरानं तोंड पुसलं. छाती मोकळी झाल्यानं आवाज असा खणखणीत, की पार रस्त्यापर्यंत गेला. "सुनेच्या माहेरचा आजार. तिच्याकडून पोरीला, पोरीकडून मला. आमच्या घराण्यात नव्हता हो कुणाला."

सून आत भांडी घासत होती. जिभेवर आलेलं उत्तर चांगलं धारदार होतं. पण बाहेर भिंगरी आजीला सोडून कोंबडीमागं धावत सुटली, अंगणाला दोन वळसे घालून तिसऱ्याला निघाली, तरी कुठं थांबेना. सुनेनं ते उत्तर गिळलं आणि दारात आली.

"आई," ती शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "संध्याकाळचा विसरू नका. माझ्या माहेरचा आजार आहे, फार चिवट असतो."