सिबोनेलोचे उडालेले चाळीस किलो

सिबोनेलोचं वागणं काही बरं नव्हतं. पंचेचाळिशीचा घोडा, भर गर्दीत टॅक्सी हाकतो, आणि रक्तदाब मोजायच्या पट्ट्याला घाबरतो! गोळ्यांमुळे रक्तात एचआयव्ही आता दिसत नाही असा कागद हाती पडल्यापासून तर स्वारी फुटबॉलचा कप जिंकल्यासारखी फिरत होती.

त्याच्या आईकडे, माखोझाकडेही तसलाच कागद होता, सतरा वर्षांपूर्वीचा. ती नाचली नव्हती. तिच्या नवऱ्याकडेही होता, आणि तो मक्याच्या शेतात तोंड वाकडं होऊन पडला तो उठलाच नाही. दवाखान्यात तेव्हा सांगितलं होतं, गोळ्यांनी विषाणू दबतो, पण अंगात धग राहते, त्या धगीने रक्तवाहिन्या आतून सुजतात, अरुंद होतात. म्हणून दाब मोजायचा, सिगारेट सोडायची, वजन बघायचं.

गुरुवारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला जमणाऱ्यांच्या क्लबात नव्या सिस्टरने तिला बाजूला घेतलं. "आई, शनिवारी तुमचा मुलगा तपासणीला आला होता. दाब छान आहे हो. पण दोन महिन्यांत चाळीस किलो उतरलाय!"

माखोझाला सकाळचा सिबोनेलो आठवला, खुर्ची मोडून उठलेला. मग आठवला त्याचा चुलतभाऊ ल्वाझी, ज्याला विजार टिकवायला दोन पट्टे लागतात. तिच्या सगळं ध्यानात आलं.

"आता काय राहिलंय त्याच्यात!" तिने शाल डोळ्यांना लावली. "चला गं बायांनो, निरोप देऊन येऊ. सिस्टर, तूही चल."

क्लबातल्या अकरा बायका मयताची गाणी म्हणत टेकडी उतरल्या. माखोझाचा आवाज सगळ्यांत वर. अंगणात सिबोनेलो चरबीचं मटण हाणत बसला होता, कानामागे सिगारेट. गाणं ऐकून त्याने अदबीने टोपी काढली.

"कोण गेलं गं, आई?"

"तू."

सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या तपासणीच्या कार्डाकडे. "हे चोपन्न किलो?"

"ल्वाझीला पाठवलं होतं," तो पुटपुटला. "तो पट्टा आवळला की मला बाबा दिसतात."

बायका हसून हसून खाली बसल्या. सिस्टरने तिथंच पट्टा बांधला. दंडाला कसाबसा पुरला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. हसणं थांबलं. सिबोनेलोने ताटली आपणहून खाली ठेवली.

माखोझाने त्याच्या कानामागची सिगारेट उपटून चुलीत टाकली.

"ऐक रे. या बायांनी तुझ्यासाठी चार गाणी घसा फोडून म्हटलीत. पुन्हा म्हणायला त्या रिकाम्या नाहीत. तेव्हा माझ्याआधी मरायची तुला परवानगी नाही. येत्या गुरुवारी काट्यावर तू स्वतः चढायचंस, आणि आकडा मी मोठ्याने वाचणार."