डोंगरावरच्या अकरा मावश्या

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हे खरं आहे. मी इंग्रजी बोलते असं मात्र मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. ते लोकांनी आपापलं धरून घेतलं. विट्याजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजीचा तास मराठीतून चालायचा. मी धड्यातलं वाक्य वाचायचं, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा आणि शेवटी फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची. पोरं ती पाठ करायची. तपासणीला साहेब आले की मी सलग सात वाक्यं इंग्रजीत बोलायचे. ती सातही अजून येतात. पण इथे कॅनडात नऊ वर्षांत कोणाला "ओपन युवर बुक्स" म्हणायची वेळ आलेली नाही.

मिसिसागात माझं काम ठरलेलं आहे. सकाळी नातवाला, नीलला, कोपऱ्यावरच्या स्कूल बसपर्यंत सोडायचं. तिथेच फांग आजी भेटली. शेजारच्या घरात लेकीकडे राहते, वयाने माझ्याएवढीच, आणि तीही नातवाच्या दप्तराचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेऊन उभी. आमचं बोलणं तिच्या फोनमधून चालतं. ती चिनीत बोलते, फोन ते इंग्रजीत सांगतो, मी इंग्रजीत उत्तर देते, आणि फोन मला तेच पुन्हा बोलायला लावतो.

मागच्या जानेवारीत, टोपीवर बर्फ साठलेला असताना, तिने विचारलं की तुम्ही तिकडे काय करायचात. मी सांगितलं, इंग्रजी शिकवायचे. तिने माझा हात हातमोज्यासकट धरला तो बस आली तरी सोडला नाही.

तिची थोरली नात यूटिंग चीनमध्ये, हुनान प्रांतातल्या एका लहान गावात शाळेच्या वसतिगृहात राहून बारावी करत होती. मुलीचे आईवडील दूर शेन्झेनला कारखान्यात. अकरा वर्षांची होईपर्यंत ती फांग आजीपाशीच होती. मग इकडे लेकीला बाळ झालं आणि आजी कॅनडाला आली. आता जूनमध्ये यूटिंगची मोठी परीक्षा होती, जिच्यावर तिकडे कॉलेज आणि पुढचं सगळंच ठरतं. त्यात इंग्रजीचा पेपर दीडशे मार्कांचा. बाकी सगळं तिला यायचं, एका प्रश्नात ती अडकायची: एक गोष्ट अर्धी छापलेली असते, पुढच्या दोन परिच्छेदांचं पहिलं वाक्य दिलेलं असतं, आणि दीडशे शब्दांत गोष्ट पुरी करायची. पंचवीस मार्क. यूटिंगला त्यात अकरा पडायचे.

"मी बघते," मी म्हणाले. असं म्हणायची मला फार जुनी सवय आहे.

दर रविवारी सकाळी, म्हणजे तिथल्या संध्याकाळी, वसतिगृहात फोन हातात मिळाला की यूटिंग व्हिडिओवर यायची. गोल चष्मा, कापलेले केस. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, प्रोफेसर." तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला त्या तीन शब्दांतच कळलं. मी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला.

तिने मला त्यांच्या गाइडमधले तयार शेवट वाचून दाखवले. सगळ्यांत सूर्य मावळत होता. गालांवरून अश्रू ओघळत होते, कोणीतरी कोणालातरी मिठी मारत होतं, आणि शेवटच्या ओळीत त्यातून मिळालेली शिकवण होती. मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. इतक्या लांब माझ्या जातीची माणसं राहतात याची मला कल्पना नव्हती.

"हे सगळेच लिहितात," मी तिला म्हणाले. "आपण दुसरा शेवट करू. कुठल्याही गोष्टीला चालेल असा."

आणि मी एक शेवट लिहून दिला. गोष्ट काहीही असो, संकटाच्या वेळी एक म्हातारी मावशी स्टीलचा डबा घेऊन येते. डबा उघडते. आत लाडू असतात. भांडलेले असोत, हरवलेले असोत, नापास झालेले असोत, सगळे बसून लाडू खातात, आणि मावशी फक्त "अजून एक घे" एवढंच म्हणते. मी तिच्याकडून तो घोटून घेतला. वर्गातल्या चाचणीत तिला अठरा मिळाले. त्या दिवशी मी नीलला दोन वेळा सांगितलं.

"आजी, पण स्टोरी स्पेसमधली असली तर?" नीलने विचारलं.

"मावशी तिथेही जाईल."

"दॅट्स नॉट अ स्टोरी. दॅट्स उबर ईट्स."

अकरा वर्षांच्या पोराच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

एप्रिलमध्ये त्यांची सराव परीक्षा झाली. गोष्ट होती बर्फाच्या डोंगरावर वाट चुकलेल्या एका मुलाची. त्या आठवड्यात फांग आजी भर दुपारी आमच्या दारात आली. कोट उलटा घातलेला, फोन समोर धरलेला. फोन सपाट आवाजात म्हणाला: "अकरा मुली. अकरा मावश्या. एक डोंगर."

यूटिंगने माझा शेवट खोलीतल्या मैत्रिणींना दिला होता. त्यांनी त्यांच्या मैत्रिणींना. त्या पेपरात अकरा म्हाताऱ्या मावश्या एकाच डोंगरावर, एकाच बर्फात, स्टीलचे डबे घेऊन चढल्या होत्या, आणि प्रत्येक मावशी "अजून एक घे" म्हणत होती. इंग्रजीच्या लिऊ बाईंना वाटलं, पेपर आधी फुटला आणि उत्तर कुठून तरी विकत आणलं. सगळ्या मुलींनी यूटिंगकडे बोट दाखवलं. तिला पहिल्या तुकडीतून काढून मागच्या तुकडीत टाकायचं ठरत होतं. परीक्षेला दोन महिने राहिलेले, चांगले शिक्षक सगळे पहिल्या तुकडीला.

"तिने माझं नाव नाही सांगितलं?" मी विचारलं.

फांग आजीने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जरा अवघडून बोलली. फोन म्हणाला: "सांगितलं. कॅनडातल्या प्राध्यापक बाईंनी शिकवलं म्हणून. शिक्षिका म्हणतात, कॅनडातल्या प्राध्यापक बाई असलं काही लिहिणार नाहीत."

मी तिला आत बसवलं आणि चहा ठेवला. चहा उतू गेला, कारण मी तेव्हा मिसिसागात नव्हते.

मी होते चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये, आमच्या मुख्याध्यापकांच्या, दादासाहेबांच्या खोलीत. दहावीच्या परीक्षेत निबंध आला होता, 'एका मोडक्या छत्रीचं आत्मवृत्त'. तो मी वर्षभर लिहून देऊन घोटून घेतला होता, आणि सगळ्यांपेक्षा वेगळा व्हावा म्हणून छत्रीचा मालक एका डोळ्याने आंधळा पोस्टमन केला होता. माझ्या त्रेचाळीस विद्यार्थ्यांनी त्रेचाळीस एकाक्ष पोस्टमन लिहिले. बोर्डाला वाटलं, सामूहिक कॉपी. आमच्या शाळेचा निकाल राखून ठेवला.

"छायाबाई," दादासाहेब डोकं धरून म्हणाले, "त्याला दोन्ही डोळे दिले असते तर काय बिघडलं असतं? कोणाला पत्ता लागला नसता."

मी बोर्डाला लेखी जबाब दिला की पोस्टमन माझा आहे. पण तो मी लगेच दिला नाही. चार दिवस लाजेने घरात बसले, मग दिला. निकाल एकोणीस दिवस उशिरा लागला. सगळे पास होते. आमच्या वर्गातल्या शोभाला तालुक्याच्या कॉलेजात जायचं होतं. तिच्या वडिलांनी निकालाची वाट पाहिली आणि पंधराव्या दिवशी तिची सुपारी फोडली. मार्क्स आले तेव्हा तिला इंग्रजीत बहात्तर होते. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. पोस्टमनचा भाग मी हसवायला सांगते, शोभाचा गाळते.

"फांग आजी," मी म्हणाले, "उद्याच बोलते मी बाईंशी."

मग मी नेहमीचंच केलं. दोन पानं जबाब इंग्रजीत लिहिला आणि तो पाठ केला. मुलगा जयदीप ऑफिसला निघताना म्हणाला, "आई, साधं बोल की, ते समजून घेतील." मी त्याला सांगितलं की साधं बोलायला मला कोणी शिकवलेलं नाही.

व्हिडिओवर दिसलेल्या लिऊ बाई तिशीच्या असतील. मागे फळा, समोर गठ्ठे, डोळ्यांखाली काळं. माझ्याही डोळ्यांखाली एप्रिलमध्ये तसंच असायचं. मी सुरू केलं: "रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट." दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मी छान गेले. मग त्यांनी हात वर केला.

"एक विचारू?" त्यांचं इंग्रजी झऱ्यासारखं होतं. "ही मावशी डोंगरावर पोहोचली कशी?"

हे माझ्या दोन पानांत नव्हतं. फांग आजी माझ्या शेजारी, कॅमेऱ्याबाहेर, माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी पुढचं वाक्य आठवायला गेले तर मागचंही गेलं.

"वॉकिंग," मी म्हणाले.

"चालत?"

"माय आंटी. शी केम वॉकिंग. सेव्हन माइल्स."

आणि मग मला थांबता आलं नाही. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्या बाईंना सांगितलं की माझ्या मॅट्रिकला केंद्र दुसऱ्या गावी होतं. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत मी लिंबाखाली उपाशी बसले होते, आणि माझी मावशी सात मैल चालत डबा घेऊन आली. तिला अक्षर येत नव्हतं. तिने विचारलं, काय लिहिलंस गं पेपरात? मी आख्खा निबंध पाठ लिहिला होता, पण त्याचा मराठीत अर्थ काय ते मला सांगता येईना. ती म्हणाली, असू दे, अजून एक घे.

मग पोस्टमन सांगितला. आणि शोभाही सांगितली. "आय एम नॉट प्रोफेसर," मी शेवटी म्हणाले. "मुलीने काही विकत आणलेलं नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक."

 लिऊ बाईंनी बाजूचा गठ्ठा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. "यात बावन्न सूर्य मावळतात," त्या म्हणाल्या. "ते मी शिकवलेत. त्यांची चौकशी कोणी करत नाही." त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. "पोस्टमनला कुठला डोळा नव्हता?"

"डावा," मी म्हणाले. तेवढं तरी मला पाठ होतं.

ठरलं असं की अकराही मुलींनी शुक्रवारी बाईंसमोर बसून नवा पेपर लिहायचा. यूटिंग स्वतःचं लिहू शकली तर तुकडी बदलायची नाही.

त्या रविवारी यूटिंगने लिहिलेल्या पानाचा फोटो पाठवला. दिलेली गोष्ट होती, एका मुलीला शर्यतीत बक्षीस मिळतं आणि ती पळत घरी येते. पुढचं यूटिंगचं. घराला कुलूप. किल्ली कुंडीखाली असते, ती काढून मुलगी आत जाते. बक्षीस टेबलावर ठेवते. नूडल्स शिजवते आणि सवयीने दोन वाडग्यांत वाढते. मग दोन्ही स्वतःच खाते, आणि दोन्ही वाडगे धुऊन पालथे घालते. संपलं. सूर्य नाही, मिठी नाही.

माझी मावशी त्यात कुठेच नव्हती. मला जरा लागलंच, खोटं कशाला बोलू. मी दुसऱ्यांदा वाचलं, कुठे डब्याचा उल्लेख तरी असेल म्हणून.

खाली लाल शाईत चौदा मार्क, आणि इंग्रजीत शेरा: 'परीक्षेत शेवट आशादायक हवा. पण हे हिचंच आहे. तुकडी तीच राहील.' मी असते तर पंचवीस दिले असते, पण माझ्या हातून मार्क देण्याचं काम लोकांनी काढून घेतलंय ते बरंच झालं.

तो फोटो छापून फांग आजीला मी पान दाखवलं. तिने फोन त्यावर धरला आणि चिनी अक्षरं वाचली. तुकडी राहिली हे कळल्यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त वाडग्यांच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि पान माझ्या हातात परत दिलं.

चार दिवसांनी बस स्टॉपवर फोन म्हणाला: "अठ्ठावीस मे. टोरांटो ते चांगशा, हुनान. जुलैपर्यंत तिथे." तिची लेक नाराज होती, नातवाला बसपर्यंत कोण सोडणार म्हणून. मी म्हटलं, माझ्या दोन खांद्यांना दोन दप्तरं येतील.

निघायच्या सकाळी मी तिला डबा नेऊन दिला. लग्नात मावशीने दिलेला, झाकणावर नाव कोरलेला: 'चि. सौ. कां. छाया हिस, मावशीकडून'. कॅनडाला येताना सामानात सगळ्यात आधी तोच ठेवला होता. आत बेसनाचे लाडू, शिगोशीग.

फांग आजीने एक लाडू उचलला, अर्धा खाल्ला आणि डोळे मिटले. मला वाटलं, भरून आलं. फोन म्हणाला: "फार गोड आहे. माझ्या नातीला आवडणार नाही."

मग तिने आतून प्लास्टिकची पिशवी आणली, लाडू एकेक करून तीत भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली. डबा धुतला, पुसला. नूडल्सचं पीठ, सुक्या मिरच्या आणि अजून काय काय त्यात दाबून भरलं, झाकण लावलं आणि स्वतःच्या प्रवासाच्या पिशवीत ठेवला. माझ्याकडे बघून तिने स्वतःच, फोनशिवाय, इंग्रजीत सांगितलं: "बॉक्स गुड."

लाडू नील आणि मी आठवडाभर खात होतो. खरंच फार गोड झाले होते.