चार लांब, सात आखूड

"एक लांब," बेबी म्हणाली. "आता आखूड. दोन, तीन... बोलू नकोस मध्ये... आठ, नऊ."

"एकोणीस." दादाने गाडीच्या नाकाखालून हात बाहेर काढला आणि बोटं चिंधीला पुसली. "स्टँडचा स्विच. काल लावलेला जोड सुटला वाटतं."

बासष्ट वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारा हा एवढा एकच माणूस आता उरला होता. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, आकड्यांना पक्की. तो तिचा थोरला भाऊ, पंपांच्या कारखान्यातला फिटर. वहिनी गेल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली, तेव्हा गल्लीकडे शटर असलेल्या पुढच्या खोलीत पलंगाऐवजी ही गाडी होती. दोन माणसांपुरती, बिनछपराची, पेट्यांमधून सुटी सुटी आलेली आणि नकाशा बघून जोडायची. इंजिन मात्र अपघातात मोडलेल्या एका मोटरसायकलचं, मीटरसकट आणलेलं.

त्या इंजिनाला अजून आपण मोटरसायकलच आहोत असं वाटत होतं. ते स्टँड शोधायचं, हँडल शोधायचं, आणि जे सापडलं नाही त्याचा आकडा मीटरवरच्या लाल दिव्याने सांगायचं. लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. त्या आकड्यांची यादी मोटरसायकलच्या माहितीपुस्तकाच्या मागे होती. सगळ्या थंडीभर बेबीने ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली आणि त्याने ती पाठ केली, कारण गाडी उभी राहायला सहा वर्षं लागली आणि त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत त्याची नजर गेली.

सगळी नाही, मधली. त्याला दाराची चौकट दिसायची, चौकटीतला माणूस दिसायचा नाही. कोणाकडे बघायचं तर मान वळवून भलतीकडेच बघावं लागायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शेवटच्या खेपेला चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती. मागच्या महिन्यात फाटकात बेबी समोरून येत होती, तर तो म्हणाला, "बाई, जरा बाजूला होता का?" ती झाली बाजूला. संध्याकाळी तिने ते चहावर सांगितलं तेव्हा दोघंही हसली. मग ती दोनच कप बराच वेळ विसळत राहिली.

"फक्त कोपऱ्यापर्यंत," तो म्हणायचा. "एकदाच."

"आणि परत?"

"या इंजिनाला रिव्हर्स नसतो. जाताना मी चालवीन, येताना तू ढकल."

ती हो म्हणायची. हो म्हणणं सोपं होतं. एक आकडा विझला की दुसरा पेटत होता. ही गाडी काही चालायची नाही, हे तिने केव्हाच मनाशी धरलं होतं. म्हणून तर ती रोज स्टूल घेऊन दिवे मोजायला बसत होती.

दादाने बोटांनी चाचपून दोन तारा शोधल्या, पिळल्या, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. चावी फिरवली.

"तीन लांब. पुढे काही नाही."

"तीस. म्हणजे पडलीय."

"कोण?"

"गाडी. आपण आडवे पडलोय असं तिला वाटतं. म्हणून चालू झाली की लगेच बंद पडते. ती काळी डबी बघ गं, सीटच्या मागे. बरोबर बसवलीय ना?"

बेबी चष्मा कपाळावरून खाली ओढून वाकली. "हिच्यावर बाण आहे."

"तोंड कुठे त्याचं?"

"भिंतीकडे."

दादा हसला, खोकला येईपर्यंत. "आठ दिवस बिचारी आडवी पडलीय आणि मी तिला चल चल म्हणतोय!"

दोन स्क्रू होते. तिने स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला, त्याचं बोट स्क्रूवर ठेवलं. बाणाचं तोंड वर झालं. चावी बंद, मनात दहा आकडे, चावी चालू. लाल दिवा लागला. ती मोजायला लागणार, तोच तो विझला.

दादाने बटण दाबलं. इंजिन पेटलं आणि या वेळी थांबलं नाही. भिंतीतल्या भोकातून बाहेर काढलेल्या नळीतून धूर निघायला लागला. खोलीतल्या डब्यांमधले खिळे थरथरायला लागले. तो गाडीत बसलाच होता. त्याने पाठ ताठ केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ते नीट बसले की नाही हे अंगठ्यांनी तपासून पाहिलं.

"शटर उचल," तो म्हणाला.

शटर वीतभर वर होतं. त्या फटीतून गल्ली दिसत होती. शाळा सुटली होती. बुटांमागून बूट जात होते, एक पाय लंगडीचा, मध्येच घरंगळत आलेली पाण्याची बाटली आणि ती उचलायला टेकलेला छोटा हात.

"बेबे, दिवा बघितलास? विझलाय ना?"

मीटर काळंभोर होतं.

"लागलाय," ती म्हणाली.

"किती?"

"चार लांब." तिचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा स्वच्छ आला. "सात आखूड."

"सत्तेचाळीस?"

"हो."

म्हटल्यावर तिला आठवलं. यादी शेहेचाळीसवर संपत होती. शेवटची ओळ तिनेच त्याला कितीदा तरी वाचून दाखवली होती.

दादाने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे तो तिच्याकडे बघत होता. इंजिन एका लयीत चाललं होतं, कुठे अडखळ नाही, आणि असल्या आवाजात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ते कोणी सांगायला नको होतं.

"सत्तेचाळीस वाईट," तो म्हणाला.

"दुरुस्त होतो ना?"

"नाही. त्याचं सामान आता मिळत नाही."

तिने शटर टेकेपर्यंत खाली ओढलं. खोलीत अंधारून आलं. चावी बंद करायला त्याचा हात गेला आणि चावीवरच थांबला.

"चालू राहू दे थोडं," तो म्हणाला. "ये, बस."

तिने पदर खोचला आणि कडेवरून पाय टाकून ती त्याच्या शेजारी बसली.