बारा वितींची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. जुनी म्हणजे फाटकी नव्हे बरं का! माझे टाके अजून शाबूत आहेत. माझ्यात खोट आहे ती एकच, ती म्हणजे मी फार मोठी आहे. कुठल्याही पलंगावर घाला, मी दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकते आणि पायाकडून पार दारापर्यंत जाऊन पोचते. हे असं का झालं, ते सांगते.

माझा जन्म एका मुलीच्या लग्नासाठी झाला. तिची आई औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची आणि बाबा शहरातली बस चालवायचे. दोघंही माणसं म्हणून सोन्यासारखी. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडचणीला धावून जायची, भाजीवाल्याशीसुद्धा घटकाभर गप्पा मारायची. फक्त एकमेकांशी बोलत नसत. फार पूर्वी कधीतरी, झोपताना खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून त्यांचं वाजलं होतं. खिडकीचं पुढे काय झालं ते कुणालाच आठवत नाही, पण अबोला मात्र मुक्कामाला राहिला.

मग घर चालायचं कसं? मुलीच्या तोंडून!

"बाबांना सांग, जेवण वाढलंय."

"आईला सांग, आलोच. आणि विचार, माझा चष्मा कुठे ठेवलाय?"

"बाबांना सांग, कपाळावर आहे."

दोघं बसलेली असायची हाताच्या अंतरावर, आणि मधे मान इकडून तिकडे फिरवत ही मुलगी. शेजारच्या काकू तिला टपालबाई म्हणायच्या. लहानपणी तिला त्यात मोठा मान वाटे. पण लग्न ठरलं आणि ती काकूंकडे धावली.

"काकू, मी गेल्यावर चष्मा कपाळावर आहे हे बाबांना कोण सांगणार हो?"

"पोपट पाळ एखादा," काकू म्हणाल्या. "दाणापाण्यावर भागतं आणि सासरीही जात नाही."

मुलीला हसू आलं नाही. तिने रात्रंदिवस विचार केला आणि एका संध्याकाळी दोघांसमोर उभी राहून जाहीर केलं, "मला आहेर नको, भांडी नकोत. तुम्ही दोघांनी मिळून शिवलेली एक गोधडी द्या. नाही दिलीत, तर मी या घरातून हलणार नाही."

आई भिंतीकडे बघून म्हणाली, "बाबांना सांग, माझी ना नाही."

बाबांनी छताकडे बघून सांगितलं, "आईला सांग, माझी तरी कुठे आहे?"

अशी माझी सुरुवात झाली, तीही दोन खोल्यांत. वरची मी आतल्या खोलीत आणि खालची मी बाहेरच्या. आईने वरच्या अंगासाठी दुकानातले जुने पांढरे कोट, मुलीचे शाळेचे गणवेश आणि बाबांची खाकी पँट कापली. बाबांना बसच्या उसवलेल्या सीट दाभणाने शिवायची सवय होती. त्यांनी खालच्या अंगासाठी जुन्या चादरी एकमेकींना जोडायला घेतल्या. राहता राहिलं माप.

"बाबांना विचार, लांबी किती धरू?"

"आईला सांग, बारा वीत. रुंदी दहा."

मुलीने निरोप चोख पोचवला. खोट निरोपात नव्हतीच, ती होती हातांत. गोळ्या मोजून मोजून आईचा पंजा झाला होता चिमणीएवढा. आणि आयुष्यभर बसचं चाक फिरवलेला बाबांचा पंजा म्हणजे फावडंच! टेप का नाही वापरली, असं विचाराल. टेप घरात होती हो. पण ती कुठे आहे हे आईला ठाऊक, आणि ती हवी आहे हे बाबांना. मधे विचारणं आलं ना! आणि एवढ्याशा गोष्टीसाठी मुलीला तरी किती पळवायचं?

एके दिवशी आईने दोरीवर वाळत घातलेली खालची मी पाहिली आणि डोळेच विस्फारले. "अगं बाई, ही तर सतरंजी!" पण बोलणार कुणाला? तिने मुकाट्याने वरच्या मला चारी बाजूंनी रुंद पट्ट्या जोडल्या. त्याच दुपारी ड्यूटीवरून आलेल्या बाबांनी आतल्या खोलीत डोकावून वरची मी पाहिली होती, पट्ट्या लागण्याआधीची. "ही तर बाहुलीची दुलई!" ते मनाशीच पुटपुटले, आणि त्यांनी मुकाट्याने खालची मी चारी बाजूंनी कापून लहान केली. दोघांनाही आपण किती समजूतदार, असं वाटत होतं. मला मात्र तेव्हाच घाम फुटला होता.

लग्न आठवड्यावर आलं. थर जोडायचे म्हणून मुलीने दोन्ही अंगं जमिनीवर अंथरली. आता वरची मी झाली होती पटांगण आणि खालची मी रुमाल!

"बाबांना विचार, हे काय केलं?" आई कडाडली.

"आईला विचार, आधी कुणी केलं?"

मुलगी खुर्चीत जाऊन बसली. तिने हाताची घडी घातली आणि म्हणाली, "आजपासून टपाल बंद."

आई एका कडेला, बाबा दुसऱ्या. मुलीचे डोळे भरून आले होते, पण ती हूं की चूं करेना. शेवटी बाबांनी कात्री उचलली आणि आईने जोडलेल्या पट्टीवर टेकवली.

"अहो! कात्री ठेवा खाली!"

बाबा दचकले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "मला म्हणालीस?"

"मग काय भिंतीला?"

"इतकी वर्षं भिंतीलाच तर सांगत होतीस."

"आणि तुम्ही छताला! माझी चार दिवसांची मेहनत कापताय? हात आहेत की फावडी?"

"आणि तुझी वीत आहे की चिमटी?"

मग जो बांध फुटला म्हणता! खिडकी निघाली, चष्मा निघाला, कुठल्या कुठल्या लग्नात कोण रुसलं होतं तेही निघालं. काकू धावत आल्या. "अगं, काय झालं? कोण भांडतंय?"

मुलगी रडत होती आणि हसतही होती. "काकू, आईबाबा! थेट भांडतायत!"

भांडता भांडताच बाबांनी कापलेल्या पट्ट्या परत जोडल्या, आणि मापाला माप लागेना म्हणून वर आणखी जोडल्या. मग दोघं दोन टोकांना बसली आणि धावदोरा घालत, एकमेकांच्या टाक्यांना नावं ठेवत मधे येऊन भेटली. खाकी पँटचा खिसा उसवायचा राहिला, तो अजून माझ्या अंगावर आहे.

लग्नात माझं खूप कौतुक झालं. मग मात्र जावई म्हणाले, "ही गोधडी आहे की मंडप?" बादलीत मी मावेना, दोरीवर पेलवेना. शेवटी माझी रवानगी झाली कपाटाच्या माथ्यावर, डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत. तिथे मी फार एकटी पडले. आई भेटायला आली की बाबांची तक्रार करायची आणि बाबा आले की आईची, तेवढं कानावर पडायचं. त्यातही, "मी त्यांना तोंडावर सांगितलं" हे ऐकून मला ऊब यायची.

पुढे घरात छकुली आली आणि मी खाली उतरले. माझ्यावर दूध सांडलं, खिशात बिस्किटांचा चुरा साठला, आणि मी पुन्हा कामाला लागले.

परवा सकाळी माझ्या पांघरणाऱ्यांचं बिनसलं होतं. जावई छकुलीला म्हणाले, "आईला सांग, मी आज डबा नेणार नाही."

छकुली निघालीच होती. तिच्या आईने तिला उचलून पलंगावर बसवलं आणि माझं एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं.

"ती काही सांगणार नाही. हे धर, आणि काय ते मला सांग."

माझी घडी एकट्याच्याने होत नाही. दोन टोकं धरून दोघांना समोरासमोर उभं राहावं लागतं. पहिल्या घडीला ते लांब होते. दुसऱ्या घडीला थोडे जवळ आले. तिसऱ्या घडीला माझी टोकं एकमेकांच्या हातात देताना जावई हळूच म्हणाले, "डब्यात काय आहे?"

म्हणून सांगते, मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा आणि ओली गुंडाळून ठेवू नका. पण माझी घडी मात्र कधीही एकट्याने घालू नका.