तीस दातांची चकती

अठ्ठावीस दात

"कागद फाटला," हॉवेल म्हणाला. "एम्लिन, लेका, तुझ्या हातून कागद फाटला?"

रिमोटवर धावणारी हातभर गाडी. तिच्या मोटरवरची छोटी दातेरी चकती आणि आसावरची मोठी चकती. दोघींच्या मधून कागदाची पट्टी फिरवायची. चुरगळून बाहेर आली की जोडणी बरोबर, फाटली की घट्ट. माझ्या नवऱ्याने बस डेपोत चौतीस वर्षं गिअरबॉक्स उघडले. त्याच्या हातून कागद फाटलेला मी पाहिला नव्हता.

"कागदच भिकार आहे," एम्लिन म्हणाला. त्याने डावा हात खिशात घातला.

तो हात खिशात का गेला, हे या जुन्या विमानतळावर फक्त मला माहीत होतं. फेब्रुवारीपासून.

दुसरी पट्टी नीट निघाली. गाडी सुटली. मी फोनवरचा आकडा वाचला : ताशी एकशे एकेचाळीस मैल.

एकोणतीस दात

छोट्या चकतीला एक दात वाढवला की पाच मैल मिळतात. मोटर तापते.

एकशे शेहेचाळीस.

"आता थांब म्हाताऱ्या," हॉवेल म्हणाला. "तिसाला धूर निघेल. मग तुझी नेस्टा त्यावर चहा करेल."

"तुझ्या गाडीवर तर थंडच राहील."

शेडमधल्या फलकावर हॉवेलचं नाव आहे. दीडशेच्या वर, जाताना आणि येताना, अर्ध्या तासात, एकाच माणसाच्या हातून : तरच नाव. एम्लिन सात वर्षं त्या फलकाखाली डबा खातो. पुढचा हंगाम त्याला मिळणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

तीस दात

एकशे एक्कावन्न.

लोक ओरडले. एम्लिन ओरडला नाही. तो अंगठ्याकडे बघत होता.

तीस दात, परत

जाताना गाडी आपल्यापासून दूर जाते. येताना अंगावर येते. तिचं डावं ते आपलं उजवं. आमच्या मागे, कुंपणाशी, दहा-बाराजण चहा पीत उभे.

बॅटरी बदलली. वीस मिनिटं उरली. एम्लिनने रिमोट उचलला. त्याच्या बोटांबरोबर धावपट्टीच्या टोकाला उभ्या गाडीची पुढची चाकं जागच्या जागी थरथरू लागली.

पंधरा मिनिटं.

"चालव की," हॉवेल म्हणाला. "वारा फिरेल."

दहा.

मी बोलले असते तर तो निर्णय माझा ठरला असता.

"हॉवेल, इकडे ये." एम्लिनने रिमोट पुढे केला. "तू आण."

"वेड लागलं का? मग नाव नाही लागायचं."

"नावाचं राहू दे. तीस पेलतात का, ते बघायचंय मला."

हॉवेलने त्या हाताकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"आणि मी कागदावरून..."

"चालव रे."

गाडी आली. आधी आवाज, मग ठिपका, मग जवळून गेलेला वारा. धूर नाही.

"एकशे बावन्न," मी वाचलं.

शेडमधल्या फलकाकडे कुणी गेलं नाही.

एम्लिन गाडीशी गुडघ्यावर बसला. चकतीचा स्क्रू काढायचा होता. किल्ली स्क्रूभोवती खडखडली, निसटली, पुन्हा खडखडली. हॉवेल वाकला. मी नकारार्थी मान हलवली. तो तसाच थांबला.

पाचव्यांदा किल्ली बसली.

एम्लिनने चकती माझ्या तळहातावर ठेवली.

"भाजेल," तो म्हणाला.

मी मूठ मिटली.