यशोदाबाईंची दाढ

अल्लीपूरच्या यशोदाबाईंना विसर पडत होताच, पण खरी घसरण व्हायची ती तापानंतर. दाढ सुजायची, ताप चढायचा, उतरायचा आणि जाताना काहीतरी कायमचं घेऊन जायचा. पहिल्या तापानंतर त्यांना घरचा रस्ता आठवेना. दुसऱ्यानंतर त्या सून जयाला नलू म्हणू लागल्या. नलू म्हणजे त्यांची वारलेली लेक. जयाच्या हातचं त्यांना कधी गोड लागलं नव्हतं. आता त्या तिच्याच हातून जेवत.

२००४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांनी जयाला समजावलं, "दाढेतल्या जंतूंशी शरीराचे शिपाई लढतात. त्यांची हाक मेंदूतल्या शिपायांपर्यंत पोचते, आणि ते तिथं आपल्याच पेशींवर उठतात. दाढ काढून टाका. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं थोडं जास्त टिकेल."

उरलेल्यात जयावरचा रागही होता. तरी जयाने दाढ काढवून घेतली.

परतताना एसटीत यशोदाबाईंनी तिचा हात धरला.

"नलू, माह्या दाढेचं जयाले सांगू नको. तिले आनंद होईन."

जया म्हणाली, "नाई सांगत, माय."